रेंडर खरं वाटतं, पण आपल्या गल्लीतलं वाटत नाही

आमच्या बेळगावात अपार्टमेंटचा पाया खणायच्या आधी फ्लेक्स लागतोय. त्या फ्लेक्सवर जी बिल्डिंग दिसते, मागं संध्याकाळचं आकाश, काचेत पिवळे दिवे, गेटसमोर एक पांढरी गाडी, ती माझ्यासारख्या कुणीतरी रात्र रात्र बसून कॉम्प्युटरवर केलेली असते. आमच्याकडं याला थ्रीडी एलेव्हेशन किंवा रेंडर म्हणतात आणि माझं पोट त्यावरच चालतं. टिळकवाडी, वडगाव, हिंदवाडी, मधूनच निपाणी-चिकोडीकडची पण कामं येतात. आणि एक गोष्ट मी बरीच वर्षं बघतोय, तो फ्लेक्स बघून रिक्षावाल्यापासून शाळेतल्या पोरापर्यंत कुणीही पटकन सांगतंय की हा फोटो नव्हे, कॉम्प्युटरवर केलंय. पण कशावरून ओळखलंस विचारा, की सगळे गप्प. "काय की, लई गुळगुळीत वाटतंय," एवढंच.

मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला, भारी ग्राफिक्स कार्ड घे की मग खरं दिसेल. अहो घेतलं, तरी नाही दिसत. कारण उजेडाचा हिशोब ही आता अडचण राहिलेलीच नाही, तो बऱ्यापैकी सुटलेला आहे आणि तोही माझ्या जन्माच्या आधी. जरा मागं जाऊन सांगतो, कंटाळू नका.

बुई तुओंग फाँग म्हणून एक व्हिएतनामी संशोधक अमेरिकेत युटा विद्यापीठात होता, त्यानं १९७५ साली चकाकी काढायचं एक सोपं गणित छापलं. सोपं म्हणून ते सगळ्यांनी वापरलं, आणि त्यामुळं पुढं कित्येक वर्षं कॉम्प्युटरमधली प्रत्येक वस्तू प्लास्टिकची दिसायची, लाकूड असो की लोखंड. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी डोळ्यापासून उलटा किरण सोडून तो काचेवर, आरशावर आपटत कुठं कुठं जातो ते मोजायची पद्धत दाखवली, चित्र खतरनाक होतं पण नुसत्या काचेच्या गोट्यांचं आणि चौकटीच्या फरशीचं. मग १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी वेगळीच गंमत केली. त्यांनी एक खराखुरा डबा बनवला, एक बाजू लाल, दुसरी निळी, बाकी पांढरा, आणि तोच डबा कॉम्प्युटरवर काढून दोन्ही शेजारी ठेवून बघितले. लाल भिंतीचा लालसरपणा शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर उतरतो तो कॉम्प्युटरमध्ये पण उतरतो का, हे त्यांना बघायचं होतं, आणि उतरला. १९८६ साली त्यांच्याच मंडळींनी लोकांना बोलावून मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेतून एकीकडं खरा डबा आणि दुसरीकडं टीव्हीवरचं चित्र दाखवलं आणि खरं कुठलं ते सांगा म्हटलं. लोकांना अंदाजापलीकडं सांगता आलं नाही! त्याच वर्षी जेम्स काजिया यांनी सगळ्या उजेडाचा हिशोब एकाच समीकरणात बसवून दाखवला आणि आज मी जे सॉफ्टवेअर वापरतो ते आतून अजून तेच समीकरण सोडवत बसलेलं असतं.

म्हणजे डबा १९८६ ला जमला. मग २०२० नंतरची टिळकवाडीतली बिल्डिंग का जमत नाही? माझं म्हणणं असं आहे की डबा जमला कारण त्या डब्यात कुणी राहत नव्हतं आणि त्याच्यावर कधी पाऊस पडला नव्हता. आणि दुसरं, लोकांनी तो कॅमेऱ्यातून बघितला, उघड्या डोळ्यानं नव्हे. या दोन गोष्टीतच माझं सगळं म्हणणं आलं, आता एकेक सोडवून सांगतो.

त्याआधी तो गुळगुळीतपणा. उजेडाचे सगळे किरण मोजणं कुठल्याच मशीनला शक्य नाही, म्हणून ते शितावरून भाताची परीक्षा करतंय, चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी कसेही उधळलेले थोडे किरण सोडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. थोडे सोडले की चित्रात रवाळ ठिपके दिसतात. आता यात मेख अशी की ठिपके निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात, आणखी निम्मे करायचे तर सोळापट. रात्रभर मशीन लावून झोपायचं, त्यात पहाटे लाईट जायची, यूपीएसनं दहा मिनिटं तग धरायची, सगळं मुसळ केरात. म्हणून आता एआयवालं डिनॉइझर आलंय, ते थोड्या किरणावरच चित्र पुसून साफ करून देतंय. पण ते ठिपके पुसताना प्लास्टरचा कण, कडाप्प्याचे बारीक ओरखडे, दाराच्या लाकडाच्या रेषा पण पुसून टाकतंय, त्याला काय माहिती कुठला कण खरा आणि कुठला खोटा. तर रिक्षावाल्याचं "गुळगुळीत" हे शंभर टक्के बरोबर निरीक्षण आहे.

आता पाऊस. बेळगाव-खानापूर पट्ट्यातली तांबडी माती ज्यानं बघितली त्याला हे वेगळं सांगायला नको. नवीन पांढऱ्या रंगाची कंपाउंड वॉल घ्या, जून-जुलै होऊ द्या आणि मग जवळ जाऊन उकिडवं बसून बघा. थेंब जमिनीवर आपटून उडतो तो माती घेऊन भिंतीवर बसतो. अगदी तळाला भिंत पूर्ण तांबडी झालेली असते, वीतभर वर गेलं की तांबड्याचे दाट शिंतोडे, गुडघ्याच्या वर सुटे सुटे ठिपके, मग संपलं. पण ही पट्टी सरळ जात नाही हं. गेटसमोर काँक्रीटचा रॅम्प आहे तिथं ती एकदम तुटते कारण तिथं माती नाही. कुणी भिंतीला लावून कुंडी ठेवली असेल तर कुंडी हलवल्यावर मागं तिच्या आकाराचा पांढरा तुकडा. छज्जाच्या खाली कोरडं. टेरेसचा पाइप जिथं भिंतीतून बाहेर येतो तिथून खाली काळपट हिरवा शेवाळाचा ओघळ, तोंडाशी रुंद आणि खाली निमुळता, आणि गेटच्या बिजागरीखाली गंजाची एक बारीक पिवळी रेघ. म्हणजे त्या भिंतीवरचा प्रत्येक डाग पाण्यानं टाकलाय आणि पाणी कुठून कसं आलं ते त्या डागावरून वाचता येतं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पण मळ टाकायची सोय आहे. बटण दाबलं की कोपऱ्याकोपऱ्यात, खाचेखाचेत सारखा मळ बसतो. पण तो मळ कशामुळं बसला त्याचा काही पत्ताच नसतो, जिथं पाणी पोचूच शकत नाही तिथं ओघळ आणि जिथं धो धो पडतं तिथं कोरडं. बघणाऱ्याला हे असं शब्दात सांगता येत नाही, पण आपण सगळे लहानपणापासून अशा भिंती बघत आलोय, त्यामुळं भिंत मुद्दाम मळवलीय हे डोळ्याला लगेच खटकतं. शिवाय तो तयार मळ कुठल्यातरी परदेशातल्या भिंतीचा, तपकिरी. इकडं खानापूरला तांबडा पाहिजे, तिकडं अथणी-बैलहोंगलकडं गेलं की जमीन काळी, तिथल्या भिंतीचा तळ पण काळसर. एकाच जिल्ह्यात दोन रंगाचे डाग, सॉफ्टवेअरबरोबर मिळणाऱ्या तयार वस्तूंच्या लायब्ररीत एकच.

आणि मातीची अजून एक करामत आहे जी मला फार आवडते. दुपारच्या उन्हात मोकळ्या प्लॉटशेजारचं घर बघा, छज्जाची खालची बाजू, जिथं ऊन थेट पोचतच नाही, तिथं हलका तांबूस उजेड असतो. ऊन मातीवर पडून वर उसळतंय. कॉर्नेलच्या डब्यातली लाल भिंत आणि हे, एकच प्रकार. कॉम्प्युटर हे अगदी बरोबर काढतो, पण मी खाली माती ठेवली तर ना! मालकाला तिथं लॉन पाहिजे. मग छज्जाखाली हिरवट झाक येते. हिशोब बरोबर, जमीन खोटी. बेळगावच्या घरावर तसली झाक आपण कधी बघितलेली नसते.

एकदा एका साइटवर मेस्त्रींना रेंडरचा प्रिंट दाखवला. बैलहोंगलकडचे, माझ्याशी मराठी मिसळून कन्नड बोलतात. बराच वेळ बघून म्हणाले, "हिंग इरंगिल्ल री." असं नसतंय म्हणे. का विचारलं तर म्हणाले सगळ्या भिंती ओळंब्यात आहेत, कोपरे सुरीनं कापल्यागत आहेत, असं काम कुणाच्या हातून होत नाही. आणि खरंच आहे की. प्लास्टरचा कोपरा कितीही चांगला घोटला तरी थोडा गोल असतो, आणि त्या गोलाईवर उजेडाची एक बारीक रेघ उमटते, वरपासून खालपर्यंत, मधे मधे तुटक. कॉम्प्युटरमधला कोपरा म्हणजे दोन पृष्ठभाग नुसते भेटले, मधे काही नाही, त्यामुळं रेघ पण नाही. आता आम्ही कोपरे मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर गोल करतो, कामाला वेळ लागतो, पण चित्रात फरक इतका पडतो की महागड्या कार्डानं पडणार नाही.

पांढऱ्या रंगाचं पण तसंच. नवशिके भिंत पूर्ण शंभर टक्के पांढरी करतात. जगात असं पांढरं काही नसतंय, ताजा पांढरा पेंट पडलेल्या उजेडातला साधारण ८० टक्के परत देतो, ताजा बर्फ ८० ते ९०, आणि कोळसा पण अगदी शून्य नाही, चार-पाच टक्के देतोच. शंभर टक्के पांढऱ्या खोलीत उजेड मरतच नाही, भिंतीभिंतीत उसळत राहतो आणि खोली आतून दिवा लावल्यागत फटफटीत दिसते. फ्लॅटच्या ब्रोशरमधले हॉल बघा, कोपऱ्यात अंधार कसला तो नाहीच. आपल्या घरात सोफ्याच्या मागं हात घातला तर सापडलेलं ते कंगवा आहे की झुरळ हे दिसत नाही.

आकाश तर चक्क उसनं असतं. पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये ही युक्ती मांडली, खऱ्या जागेचा सगळीकडचा उजेड फोटोत पकडायचा, अंधारापासून सूर्यापर्यंत सगळा, आणि तोच कॉम्प्युटरमधल्या वस्तूवर पाडायचा. युक्ती जबरदस्त आहे, शंकाच नाही. पण नेटवर फुकट मिळणारी बरीच आकाशं युरोपातली किंवा आफ्रिकेच्या टोकाकडची. बेळगाव साधारण १६ अंश उत्तरेला, इथं मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर दुपारी तो थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे मे महिन्यात दुपारी साडेबाराला छज्जाची सावली अख्ख्या भिंतीवर लांब ओढल्यागत खाली उतरते, भिंतीवर ऊन घासून जातं आणि प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. हे आपलं रोजचं ऊन. फ्लेक्सवर मात्र कायम तिरकं, मऊ, सोनेरी ऊन, तेही बिल्डिंगच्या तोंडावर. बिल्डिंगचं तोंड उत्तरेला असलं तरी! डिसेंबरात इथं उत्तरेच्या भिंतीला दिवसभरात एक किरण लागत नाही, पण फ्लेक्सवर स्वेटर घातलेली माणसं आणि मागं उत्तरेच्या भिंतीवर सोनेरी ऊन असलं मी स्वतः काढून दिलंय, कारण मालक म्हणाले ऊन पाहिजे. मालकांना ऊन पाहिजे तर ऊन, मी कोण सूर्याची बाजू घेणार.

आणि पावसाळी आभाळ कुणालाच नको असतंय. गंमत म्हणजे ढगाळ उजेडातलं रेंडर सगळ्यात खरं दिसतं, सावल्या मऊ, चकाकी कमी, चुका झाकल्या जातात, आणि आपल्याकडं वर्षातले तीन-चार महिने असाच उजेड असतो. पण त्याचं फ्लेक्स करून लावलं तर फ्लॅट कोण घेणार.

बरं समजा मी सगळं केलं, तांबडी पट्टी काढली, गोल कोपरे केले, आपलंच आकाश लावलं. तरी ते शेवटी स्क्रीनवरच दिसणार ना. उन्हात भर दुपारी १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो, घरात ट्यूबखाली दोन-तीनशे, आणि जुन्या चिऱ्याच्या घराच्या माजघरात दुपारी पन्नास पण नसेल. तुम्ही अंगणातून माजघरात शिरलात की पहिल्यांदा काहीच दिसत नाही, मग हळूहळू कोनाडा दिसतो, मग कोनाड्यातला डबा, मग कोपऱ्यात बसलेली आजी म्हणते "कोण रे ते", तोवर ती तिथं आहे हे पण कळलेलं नसतं. डोळा बदलत जातो. चित्राला ते जमत नाही, त्याला एकाच वेळी अंगण आणि माजघर दोन्ही दाखवायचंय, आणि तेही साधारण एकास हजार एवढाच फरक दाखवणाऱ्या मॉनिटरवर. मग उजेड दाबायचा, अंधार उचलायचा, सगळं मधे कोंबायचं. याला टोन मॅपिंग म्हणतात आणि एरिक राइनहार्ड आणि मंडळींची २००२ सालची एक प्रसिद्ध पद्धत तर फोटोग्राफर लोकांच्या जुन्या डार्करूमच्या विचारावरून घेतलेली आहे. पण कितीही हुशारीनं कोंबलं तरी ऊन डोळ्याला लागत नाही. रेंडरमधल्या उन्हाकडं बघून कुणी कपाळावर हात धरलेला मी तरी बघितला नाही.

रंगाचं एक दुखणं शहापूरच्या साड्यांवरून कळतं. शहापूर, वडगाव, खासबाग भागात मागावर विणलेल्या साड्या, दुकानात बायका काय करतात बघा. साडी पसंत पडली की ती घेऊन थेट दाराशी जातात. "वहिनी, जरा बाहेरच्या उजेडात बघूया की," म्हणतात, आणि ट्यूबखाली जांभळी वाटलेली बाहेर मातकट निघते. कारण आताच्या एलईडी ट्यूबच्या उजेडाचा आलेख काढला तर त्यात निळ्याचा एक उंच सुळका आणि बाकी पसरट टेकाड असं असतं, उन्हात सगळे रंग भरभरून असतात, आणि कापडाचा रंग तर त्या दोन्हींशी वेगवेगळा वागतो. आमचं बहुतेक सॉफ्टवेअर रंग म्हणजे फक्त तीन आकडे धरतं, लाल हिरवा निळा. माणसाच्या डोळ्यातच रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी आहेत, त्यामुळं रंग दाखवायला तीन आकडे पुरतात, पण दिव्याचा रंग आणि कापडाचा रंग यांचा गुणाकार करायला पुरत नाहीत. ट्यूबखाली एक आणि अंगणात एक ही करामत तीन आकड्यात नीट बसतच नाही. सिनेमावाले काही मोठे स्टुडिओ अख्खा वर्णपट धरून हिशोब करणारी सॉफ्टवेअर वापरतात, पण आमच्यासारख्याला ते कुठं परवडणार. त्यात धूपछाव साडी असली, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, तर पदर हलला की रंग हलतो. कॉम्प्युटरमध्ये तो काढायला बसलं की समजतं विणणाऱ्याला सलाम का ठोकायचा.

माणसांबद्दल जास्त लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे. कातडी काही पेंट नव्हे, उजेड तिच्या आत शिरतो, इकडं तिकडं फिरून दुसरीकडून बाहेर येतो, उन्हाकडं पाठ करून बसलेल्या पोराच्या कानाची पाळी लाल दिसते ती त्यामुळंच. दुधाचं पण तसंच. हेन्रिक जेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली यावर वापरता येईल असा हिशोब दिला, तोवर कॉम्प्युटरमधलं दूध पांढरा ऑइलपेंट वाटायचं. चेहरा नव्वद टक्के जमला की उलट भीती वाटते हे जपानच्या मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच रोबोटबद्दल लिहून ठेवलंय. आम्ही त्यावर उपाय म्हणून माणसं पाठमोरी ठेवतो. ती पण लायब्ररीतलीच, त्यामुळं टिळकवाडीच्या फूटपाथवरून हॅट घातलेली गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली असते. मागं मेपलचं झाड.

आता राहिला कॅमेरा, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी गफलत इथंच आहे. आपण ज्याला रिअलिस्टिक म्हणतो ते डोळ्याला दिसतं तसं नसतंच, ते फोटोत दिसतं तसं असतं. गेममध्ये बघा, सूर्याकडं तोंड केलं की स्क्रीनवर गोल गोल चकत्या उमटतात. त्या लेन्सच्या आतल्या काचांमुळं येतात, आपल्या डोळ्यात कसल्या चकत्या. कडेला थोडा अंधार, मागचं धूसर, सगळं कॅमेऱ्याचे दोष, आणि आम्ही ते कष्ट घेऊन घालतो कारण ते नसले तर लोकांना चित्र खोटं वाटतं! आयकिया कंपनीच्या कॅटलॉगमध्ये २००६ साली पहिल्यांदा एक खुर्ची कॉम्प्युटरवर काढून छापली, आणि २०१४ च्या सुमारास त्यांच्या एकट्या वस्तूच्या चित्रातली साधारण तीन चतुर्थांश कॉम्प्युटरवरची होती. कुणाला पत्ता लागला नाही, कारण लोक त्याची तुलना आपल्या घरातल्या खुर्चीशी करत नव्हते, कॅटलॉगमधल्या फोटोशी करत होते. तिथं कॉम्प्युटर जिंकतो. गल्लीत उभं राहून बघितलं की हरतो.

यातला सगळ्यात बेरकी भाग म्हणजे लेन्सची रुंदी. खोली लहान असते, भिंतीच्या मागं जाता येत नाही, म्हणून आम्ही १८ मिलिमीटरची लेन्स धरतो, म्हणजे डावीकडून उजवीकडं चांगले ९० अंश चित्रात येतात. तसं बघायला गेलं तर यात खोटं काहीच नाही, पण कुठलंही चित्र बरोबर दिसायला डोळा एका ठराविक अंतरावरच पाहिजे, आणि ९० अंशाच्या चित्राला ते अंतर चित्राच्या रुंदीच्या निम्मं असतं. मोबाइल आडवा धरला तर चित्र चौदा-पंधरा सेंटिमीटर रुंद, म्हणजे मोबाइल डोळ्यापासून सात सेंटिमीटरवर धरायला पाहिजे. कोण धरतंय? सगळे हातभर लांबून बघतात, आणि लांबून बघितलं की खोलीची लांबी ताणली जाते, समोरची भिंत दूर पळते, आणि अकरा फुटी हॉलमध्ये क्रिकेट खेळता येईल असं वाटतं. वर सोफा ऐंशी टक्के मापाचा करून बसवणारे महाभाग पण आहेत, पण ते जाऊ द्या. घरात राहायला आल्यावर लोक म्हणतात फोटोत मोठं होतं. फोटोत नव्हतं, हातभर अंतरात होतं.

परवा एक काका-काकू आले होते, कुठल्याशा प्रोजेक्टचा ए-थ्री मापाचा प्रिंट घेऊन, मी केलेला नव्हता. काका म्हणाले, "तू यातला जाणकार, सांग बघू, हॉल खरंच एवढा आहे?" ए-थ्री आडवा ४२ सेंटिमीटर, निम्मे २१, म्हणजे एक वीत. म्हटलं काका, एक डोळा मिटा आणि कागद नाकापासून वीतभर अंतरावर, मधोमध धरा, अक्षरं धूसर झाली तर होऊ देत. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, डावा डोळा मिटला, कागद तोंडाजवळ आणला.

"अरे! भिंत पुढं आली की!"

"आण इकडं," म्हणून काकूंनी घेतला, त्यांनी पण बघितलं, कागद जवळ-लांब, जवळ-लांब करत. मग मला विचारलं खरं माप किती. प्लॅनवर लिहिलेलंच होतं कोपऱ्यात बारीक अक्षरात, अकरा बाय चौदा.

काकू म्हणाल्या, "मग आपला सोफा बसत नाही."